काटेवाल्यांची दिडकी

बाजारात काटेवाल्यांच्या शिक्क्याला जो मान होता, तो सरकारी शिक्क्यालाही नव्हता. सरकारी माणूस वर्षातून एकदा यायचा, घाईघाईने ठसे मारायचा आणि चहा पिऊन जायचा. काटेवाले मात्र वर्षभर तिथेच, कोपऱ्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत, छताला टांगलेल्या तराजूंच्या खाली बसलेले असत. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खाच असते आणि त्या खाचेत शिसं भरलेलं असतं. वजन झिजलं की शिसं वाढवायचं, जास्त झालं की खरवडायचं, आणि काटा बरोबर मध्यावर उभा राहिला की त्या मऊ शिशावर शिक्का ठोकायचा. काटेवाल्यांचा शिक्का म्हणजे बोटाएवढा एक पोलादी खिळा, टोकाला तीन ठिपके. तो त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात असे, आणि ते तीन ठिपके म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळा बाजार मानत असे.

सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातलं पाच किलोचं वजन बारा ग्रॅमने कमी भरलं, तेव्हा त्यांनी शिक्का मारायला साफ नकार दिला होता. मेहुणा चार वर्षं बोलला नाही. ती चार वर्षं फार सुखात गेली, असं काटेवाले सांगत, अर्थात बायको आसपास नसताना. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. खोटा शिक्का माणसाला आयुष्यात एकदाच मारता येतो, दुसऱ्या वेळी हातात शिक्का उरलेला नसतो, नुसता खिळा असतो.

ही गोष्ट खरं तर त्यांच्या मुलीची आहे. पण काटेवाल्यांनी आयुष्यात जो एकच खोटा शिक्का मारला तो तिच्यापायी मारला, म्हणून सुरुवात खिळ्यापासून.

मुलगी झाली ती दिवस भरायच्या आधीच. दवाखान्यातल्या काट्यावर काटेवाल्यांचा विश्वास नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून दुकानात नेलं आणि पितळी पारड्यात ठेवलं. टॉवेल वजा जाता दीड किलो. "पोर आहे की साखर?" म्हणून बायकोने आकाशपाताळ एक केलं, पण नाव पडायचं ते पडलंच. दिडकी. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव होतं, ते फक्त दाखल्यालाच ठाऊक राहिलं.

दिडकी दोन वर्षांची असताना एक ताप आला आणि जाताना पायांतली ताकद घेऊन गेला. मग कुबड्या आल्या. बाकीची पोरं पायांनी जेवढं चालली तेवढं ती हातांनी चालली, त्यामुळे पंधराव्या वर्षी तिचे दंड बापाच्या दंडांहून जाड होते. "दिडकीला कोण विचारणार," असं मामी एकदा म्हणाली. दिडकीने मामीची गव्हाची कोठी, त्यातल्या गव्हासकट, बसल्या जागेवरून फूटभर सरकवली आणि विचारलं, "इथे ठेवू की अजून पलीकडे?" त्यानंतर मामी जपून बोलू लागली.

मोठी झाल्यावर ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली. धुलाईयंत्रातून निघालेल्या ओल्या चादरींचे पिळे उचलायचे आणि वाळवायच्या यंत्रात टाकायचे. एक ओली चादर काही फार नाही, पण चादरी कधी एकट्या येत नाहीत. उंच स्टुलावर बसून ती दिवसभर पिळे डोक्यावरून पलीकडे टाकायची. गुडघ्याच्या उपचारांसाठी इस्पितळात येणाऱ्या एका बाईंनी दारातून हे पाहिलं. बाई शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या होत्या आणि टायरच्या एका जुन्या गोदामात मुलींसाठी व्यायामशाळा चालवत होत्या.

"एका वेळी किती उचलतेस?" पीटीच्या बाईंनी विचारलं.

"समोर येईल तेवढं."

"आणि समोर आलं नाही तर?"

पुढच्या रविवारी ती गोदामात गेली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

खेळ सांगायला सोपा आहे. बाकावर उताणं झोपायचं, पाय पट्ट्यांनी बाकाला बांधून घ्यायचे. दांडा हातात घेऊन पंचांच्या 'स्टार्ट'ची वाट पाहायची. मग तो छातीवर आणायचा, तिथे क्षणभर दगडासारखा स्थिर ठेवायचा आणि दोन्ही हात सारखे ठेवून वर ढकलायचा. तीन पंच असतात आणि तीन दिवे. दोन पांढरे लागले तर वजन उचललं असं धरतात, दोन लाल लागले तर नाही. संधी तीनच. आणि एक नियम फार निर्दय आहे. एकदा आकडा सांगितला की तो वाढवता येतो, पण खाली आणता येत नाही.

काटेवाल्यांना हे सगळं खूळ वाटलं. "वजन मोजायचं असतं, उचलायचं कशाला?" ते म्हणाले आणि वर्षभर त्या गोदामाकडे फिरकले नाहीत. मग दिडकी देशाच्या निवड स्पर्धेत पंचाहत्तर किलो उचलून आली. तिच्या गटात तीनच बायका होत्या ही गोष्ट गाळून काटेवाल्यांनी बातमी बाजारभर केली.

त्याच सुमारास बाईंनी गोदामासाठी दांड्याच्या टोकांना लावायच्या नव्या प्लेटा आणल्या. बिडाच्या, काळ्याभोर, वर उठावाचे आकडे. दोन वीसच्या, दोन दहाच्या आणि काही बारीक. त्या आल्या त्या दिवशी काटेवाले हजर होते. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, "ओतकाम बरं आहे" म्हणाले आणि घरी गेले. नव्या प्लेटा आल्या आणि पोरगी वाढायलाच लागली. ऐंशी, पंच्याऐंशी, आणि परदेशातल्या पहिल्या स्पर्धेला निघायच्या आठवड्यात नव्वद.

स्पर्धेत बाईंनी सुरुवातीला पंच्याऐंशी सांगितलं. गोदामात ती ते हसत उचलायची, म्हणून बेताचा आकडा. पहिल्या वेळी दांडा छातीवरून चार बोटं उठला आणि थांबला. दुसऱ्या वेळी तेवढाही नाही. आकडा खाली आणता येत नव्हता. तिसऱ्या वेळी मदतनिसांनी दांडा तिच्या छातीवरून उचलून घेतला, आणि यादीत तिच्या नावापुढे नुसती एक आडवी रेघ आली.

घरी परतल्यावर ती दुसऱ्याच दिवशी धुलाईघरात कामाला गेली. कोणी काही विचारलं की "जमलं नाही" एवढंच म्हणायची. बाई म्हणाल्या, नवखी होती, घाबरली. मामीलाही तोंड फुटलं. काटेवाल्यांनी एके दिवशी जेवताना मुलीला आईशी बोलताना ऐकलं.

"माझ्यात दमच नाही गं. घरात वाघ, बाहेर शेळी."

काटेवाल्यांचा घास तोंडाशीच राहिला. भीतीने माणूस डगमगतो हे त्यांना मान्य होतं. पण नव्वद उचलणाऱ्या माणसाला पंच्याऐंशी तीनदा उठत नाही, हा हिशोब त्यांच्या डोक्यात बसेना. दुसऱ्या दिवशी भरदुपारी ते गोदामात गेले, प्लेटा हातगाडीवर घातल्या आणि दुकानात आणून मोठ्या काट्यावर ठेवल्या. वीसची प्लेट भरली अठरा किलो. दुसरीही तेवढीच. दहाची नऊ किलो.

बाजारात वजन चोरतात ते गिऱ्हाइकाला फसवायला. खेळातलं वजन कोण चोरणार, असं त्यांच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. ओतणाऱ्याने लोखंड वाचवलं होतं, बस्स, इतकी साधी गोष्ट. तीस वर्षं साऱ्या बाजाराची मापं तपासणाऱ्या माणसाने आपल्या पोरीच्या छातीवर येणारं वजन तपासलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी दिडकी कामावरून आल्यावर त्यांनी तिला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तिने कुबड्या भिंतीला टेकवल्या.

"म्हणजे मी घाबरले नव्हते?"

"नाही. तू पंच्याऐंशी म्हणून जे हसत उचलायचीस, ते एकोणऐंशीच्या आसपास होतं, आणि नव्वद म्हणजे चौऱ्याऐंशी."

"मग हे जास्त वाईट झालं की कमी?"

"वाईट-बरं मला कळत नाही. खरं आहे एवढं सांगतो."

ती थोडी हसली, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच नीट जेवली. काटेवाल्यांनी प्लेटांच्या पाठीला भोकं पाडली, शिसं ओतलं, ग्रॅमाग्रॅमाने खरवडलं आणि प्रत्येकीवर तीन ठिपके ठोकले. दर वर्षी सगळ्या प्लेटा दुकानात आणून तपासायच्या असंही ठरवलं. त्या दिवसापासून दिडकी बाकावर झोपायच्या आधी शिशावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवू लागली. बाईंना वाटे, ही देवाचं नाव घेते आहे.

खऱ्या प्लेटांवर पंच्याऐंशी गाठायला पुढे आठ महिने लागले. पण मग जे आलं ते टिकलं. वर्षाला दोन किलो, कधी एक, दुखऱ्या खांद्याच्या वर्षी शून्य. धुलाईघरातली रजा जोडून जोडून ती स्पर्धांना जायची. विमानतळांवर तिच्या कुबड्यांची तपासणी व्हायची, परक्या गावांतल्या खोल्यांचे उंबरे आडवे यायचे, आणि वजनगटात बसावं म्हणून आदल्या दिवशी पाण्याचे घोटसुद्धा मोजावे लागायचे. एकदा ती सातवी आली, एकदा पाचवी, एका लहान स्पर्धेत तिसरी. ते पदक आईने शिवणाच्या डब्यात ठेवलं, कारण घरात कुलूप तेवढ्याच डब्याला होतं. धुलाईघरातल्या बायका तिला 'आमची यंत्रं' म्हणायच्या. "यंत्र" का नाही म्हणत, असं कोणी विचारलं, तर म्हणायच्या, हात दोन आहेत ना.

आणि मग घोडं शंभरावर अडलं.

अठ्ठ्याण्णव ती उचलायची. सकाळी उचलायची, दमलेली असताना उचलायची, सर्दी झालेली असताना उचलायची. शंभर लावले की दांडा अर्ध्यावर येऊन उभा राहायचा. तीन स्पर्धांत चार वेळा तसं झालं. बाईंनी नाना उपाय केले. न सांगता शंभर लावून पाहिले, पण दांड्यावरच्या प्लेटा वाचायला दिडकीला कोणी शिकवायला नको होतं. "आकडा डोक्यात बसलाय," बाई म्हणाल्या, "आणि डोक्याला पट्ट्या बांधता येत नाहीत."

त्यातच ती एक्केचाळीस वर्षांची झाली. चार वर्षांनी एकदा येणारी सगळ्यांत मोठी स्पर्धा पुढच्या वर्षावर आली होती, आणि तिथे जायचं तर त्याआधी एका मान्य स्पर्धेत शंभर किलोची नोंद हवी होती. अशी एकच स्पर्धा उरली होती, दोन महिन्यांवर. ती हुकली तर पुढचं दार चार वर्षांनी. तोवर हे खांदे साथ देणार नाहीत, हे घरात न बोलता सगळ्यांनाच माहीत होतं.

प्लेटांच्या वार्षिक तपासणीची वेळही तीच होती. काटेवाल्यांनी प्लेटा दुकानात आणल्या. सगळ्या बरोबर होत्या. काटा मध्यावर उभा होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. बाजाराच्या वेळात ते दार पूर्वी कधी बंद झालं नव्हतं. त्यांनी शिसं वितळवलं. वीसच्या प्लेटांत सहाशे-सहाशे ग्रॅम घातलं आणि दहाच्यांत चारशे-चारशे. दोन्ही बाजू मिळून पुरते दोन किलो. आता दिडकीचं अठ्ठ्याण्णव म्हणजे शंभर होणार होतं. डोक्याला पत्ता लागणार नव्हता, हात मात्र शंभर शिकणार होते. एवढं झाल्यावर त्यांनी खिशातून खिळा काढला. हातोडी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. ठिपके नसते तर दिडकीच्या अंगठ्याला ते लगेच कळलं असतं. त्यांनी चार शिक्के ठोकले आणि दार उघडलं. समोरचा वाणी म्हणाला, "काटेवाले, बरं नाही की काय?" ते म्हणाले, "धूर झाला होता."

पहिल्याच दिवशी अठ्ठ्याण्णव उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंना काही कळेना. काटेवाले कानावर हात ठेवून बसले. दिडकी घरी कमी बोलू लागली, पण काटेवाल्यांना त्याचं विशेष वाटलं नाही, त्यांचं लक्ष आकड्यांवर होतं. तीन आठवड्यांनी अठ्ठ्याण्णव एकदा उठलं, मग दोनदा. निघायच्या दिवसापर्यंत ते एकोणीस वेळा उठलं. खऱ्या मापाने शंभर, एकोणीस वेळा. हे जगात फक्त काटेवाल्यांना माहीत होतं, आणि सांगायचं तर सोबत खिळ्याचीही कबुली द्यावी लागणार होती. स्पर्धेत आपोआप जमेल, मग कशाला सांगायचं, असं ते स्वतःला रोज समजावत होते.

दिडकीच्या सोबतीला एकाला जायची परवानगी होती. आईचे गुडघे चालेनात, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काटेवाले विमानात बसले. स्पर्धेच्या इमारतीत वजन करून पाहायचा एक काटा ठेवला होता. काटेवाल्यांनी तो खाली वाकून पाहिला, त्यावरची तपासणीची चिठ्ठी वाचली आणि खिशातलं अर्ध्या किलोचं पितळी वजन त्यावर ठेवून पाहिलं. एका स्वयंसेवकाने त्यांना हाताला धरून नम्रपणे बाजूला केलं. "बरोबर आहे तुमचा," ते त्याला म्हणाले. त्याला भाषा कळली नाही, पण तो मान हलवून गेला. सराव करायच्या दालनात रंगीत प्लेटा रचून ठेवल्या होत्या. दहा ग्रॅमचाही फरक नाही त्यांच्यात, असं बाईंनी सांगितलं. काटेवाल्यांनी एका प्लेटेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पहिल्या फेरीत दिडकीने पंच्याण्णव उचलले. तिन्ही दिवे पांढरे. दुसऱ्या फेरीत शंभर. दांडा छातीवर आला, स्थिर राहिला, निघाला, आणि अर्ध्यावर उभा राहिला. मदतनिसांनी दांडा धरला. तिन्ही दिवे लाल.

आत आल्यावर ती चाकाच्या खुर्चीत बसली आणि मनगटांच्या पट्ट्या सोडायला लागली. बाईंनी तिसऱ्या वेळेसाठी शंभरच सांगून ठेवलं होतं, दुसरं सांगताच येत नव्हतं. मध्ये सहा बायका होत्या. म्हणजे आठ-नऊ मिनिटं.

"बाई, खांदा दुखतोय म्हणून सांगा," दिडकी म्हणाली. "मी जात नाही."

"दुखतोय का खरंच?"

"नाही."

बाईंनी काटेवाल्यांकडे पाहिलं आणि टेबलाकडे न जाता पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

काटेवाल्यांनी एक स्टूल ओढलं आणि मुलीसमोर बसले. ते म्हणाले, "दिडकी, गोदामातल्या प्लेटा जड आहेत."

ती पट्टी सोडायची थांबली.

"मीच केल्या. दोन महिन्यांपूर्वी. वीसच्यांत सहाशे, दहाच्यांत चारशे. एकूण दोन किलो. तू जे अठ्ठ्याण्णव उचलत होतीस ते शंभर होतं. एकोणीस वेळा उचललंयस. मी मोजलंय."

"शिक्का होता त्यांच्यावर."

"मीच मारला."

दिडकीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना नजर खाली घालावी लागली. बाहेर कोणाचं तरी वजन उचललं गेलं आणि टाळ्या झाल्या. पाच बायका उरल्या.

"पहिल्याच दिवशी माझ्या हातांनी सांगितलं होतं," ती म्हणाली, "की जड आहे. स्पष्ट सांगितलं. मी अंगठ्याने शिक्का पाहिला. तुमचा होता. मग मी हातांनाच खोटं ठरवलं, बाबा. म्हटलं, वजन तेवढंच आहे, मीच संपले. वय झालं. इथून गेल्यावर सोडणार होते मी. बाईंनाही सांगून ठेवलंय."

काटेवाल्यांना त्या ओतणाऱ्याची आठवण झाली, ज्याला त्यांनी इतकी वर्षं शिव्या दिल्या होत्या. त्याने तिला हलकं वजन देऊन फसवलं होतं, ह्यांनी जड देऊन. त्याचं कारण लोभ होता आणि ह्यांचं माया, पण मुलीच्या हातांना त्यातला फरक कळायचं काही कारण नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, आपण खरंच चुकलो असं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"आज कसा झाला?"

"तू जाणार नाही म्हणालीस."

चार बायका उरल्या, मग तीन. दिडकी आपल्या तळहातांकडे बघत होती. खडूची पांढरी भुकटी रेघांमध्ये बसली होती.

"म्हणजे हे बरोबर सांगत होते," ती हातांना उद्देशून म्हणाली. मग सोडलेली पट्टी तिने दातांत धरली आणि मनगटावर परत गुंडाळायला लागली. "तुमच्याशी नंतर बोलते. मला फार राग आलाय."

"येऊ दे."

"एकोणीस नक्की?"

काटेवाले उत्तर देणार होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आता त्यांच्या शब्दाचं वजन त्यांनीच कमी केलेलं आहे. ते म्हणाले, "हातांना विचार."

तिने क्षणभर डोळे मिटले. "आहेत एकोणीसएक," ती म्हणाली आणि खुर्ची पडद्याकडे वळवली.

काटेवाले प्रेक्षकांत गेले नाहीत. पडद्याच्या फटीतून त्यांना बाक दिसत होता आणि मुलीचे बांधलेले बारीक पाय. पंच म्हणाले, 'स्टार्ट'. दांडा खाली आला. छातीवर थांबला. निघाला. अर्ध्यावर आला आणि नेहमीच्या जागी हळू झाला. काटेवाल्यांना तो जवळजवळ उभा राहिलेला दिसला. मग डावा हात एक बोटभर पुढे गेला, उजवा त्याच्यामागून गेला, आणि दोन्ही कोपरं सरळ झाली. पंच म्हणाले, 'रॅक', म्हणजे दांडा परत जागेवर. एक दिवा लाल लागला, हात सारखे नव्हते म्हणून. दोन पांढरे लागले.

दिडकी त्या मोठ्या स्पर्धेला गेली आणि आठवी आली. आठव्या नंबराला पदक नसतं, टीव्हीवर नावही पुरतं दिसत नाही. धुलाईघरात मात्र त्या दिवशी अर्धा तास यंत्रं बंद होती.

पण काटेवाल्यांच्या दृष्टीने गोष्ट त्याआधीच संपली होती. शंभर उचलले त्या स्पर्धेहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात बसले होते. दिडकी रिक्षातून आली. मागे त्या चार प्लेटा होत्या. तीन दिवस ती बापाशी कामापुरतं बोलली होती.

"बरोबर करा," ती म्हणाली.

त्यांनी शिसं खरवडलं. राखाडी चुरा कागदावर जमत गेला. सगळ्या प्लेटा काट्यावर बरोबर उतरल्यावर त्यांनी खिशातून खिळा काढला आणि तो प्लेटांवर न ठोकता तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

"माझा शिक्का संपला. माझंच म्हणणं होतं ते. बाजारात उद्या सांगेन."

दिडकीने खिळा उचलून पाहिला. चाळीस वर्षं हातोडी खाऊन त्याचं डोकं छत्रीसारखं पसरलं होतं. तिने पहिली प्लेट ओढली, ती स्वतः परत काट्यावर ठेवली आणि काटा मध्यावर स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मग ती प्लेट खाली घेतली, दोन्ही हातांवर तोलली, डोळे मिटून, बराच वेळ.

"वीस," ती म्हणाली. मग खिळा शिशावर धरला आणि हातोडी मारली. घाव असा बसला की ठिपके आरपार जातात की काय असं वाटलं.

"हळू," काटेवाले म्हणाले. "शिसं आहे ते."

"तुम्ही चुरा गोळा करा." तिने दुसरी प्लेट ओढली. "आणि बाबा, ह्यापुढे जड असलं तर सांगायचं."

"आणि हलकं असलं तर?"

"तेही," ती म्हणाली, आणि दुसरी प्लेट हातांवर घेतली.